अपस्माराच्या गोळीची किंमत

भंडारा जिल्हा धानाचा, तलावांचा आणि विडीचा. तुमसर तालुक्यांत मँगेनीजच्या खाणी आहेत, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचाही लौकिक आहे. परंतु बहुसंख्य घरांची मिळकत रोवणी, कापणी आणि विड्या वळणें ह्यांवरच चालत आलेली आहे. ही मिळकत हंगामी, आणि अपस्मार मात्र बारमाही.

रोग जुनाच. चरकसंहितेंत निदानस्थानांत व चिकित्सास्थानांत त्यावर स्वतंत्र अध्याय असून त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. शास्त्रानें त्यास चिकित्सेचा विषय मानलें. लोकांनीं मात्र फेफरें आलेल्याच्या नाकाशीं जोडा धरण्यांतच समाधान मानलें. हा जोडा अजूनही पुरता सुटलेला नाहीं.

पाश्चात्त्य वैद्यकांत सर चार्लस लोकॉक ह्यांनीं १८५७ सालीं ब्रोमाइडचा गुण सांगितला. झटके कमी होत, पण रोगी सुस्त होऊन जाई. १९१२ सालीं हाउप्टमन ह्या जर्मन वैद्यानें रोग्यांस झोंप यावी म्हणून फेनोबार्बिटल दिलें, तों झटकेही कमी झालेले आढळले. १९३८ सालीं अमेरिकेंत मेरिट व पटनम ह्यांनीं फेनिटॉइनचा उपयोग दाखवून दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें योग्य औषध मिळाल्यास शंभरांतील सत्तर रोगी झटक्यांपासून मुक्त राहूं शकतात. अट एकच : गोळी रोज, खंड न पडतां घेतली पाहिजे.

ह्या खंडाचें भय मोठें आहे. तापाचें औषध चुकलें तर ताप लांबतो. ही गोळी एकाएकीं बंद झाली तर झटक्यामागून झटका येऊन प्राणावर बेतूं शकतें. चुलीपुढें बसलेली सून किंवा तलावांत जाळें टाकणारा ढिवर, ह्यांस एकच झटका पुरे होतो.

विम्याचा इतिहास पाहतां तो ह्या रोग्याच्या शेजारून निघून गेला असें दिसतें. कामगार राज्य विमा १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें सुरू झाला, तो कारखान्यांतील कामगारांसाठीं. १९८६ सालीं मेडिक्लेम निघाला, तो हप्ता भरूं शकणाऱ्यांसाठीं, आणि तोही रुग्णालयांतील खाटेपुरता. महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जिला पुढें महात्मा जोतिराव फुले ह्यांचें नांव मिळालें, २०१३ च्या नोव्हेंबरांत भंडाऱ्यास पोंचली. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च तिनें उचलला, हें तिचें श्रेय आहेच. परंतु अपस्माराचा रोगी वर्षांतले बहुतेक दिवस खाटेवर नसतो; तो धानाच्या बांधीवर असतो. त्याचा खर्च चिल्लरीचा, म्हणूनच तो मोठ्या हिशेबांत येत नाहीं. दिवसास दोन गोळ्या धरल्या तरी वर्षाच्या ७३० होतात; गोळीमागें दोन रुपयांचें अंतर पडलें कीं १४६० रुपये.

औषध स्वस्त झालें तें निराळ्या मार्गानें. १९७० चा पेटंट कायदा १९७२ च्या एप्रिलांत अमलांत आला. त्यानें औषधावर नव्हे, तर तें तयार करण्याच्या कृतीवर हक्क दिला. त्यामुळें देशी कारखाने तेंच औषध दुसऱ्या कृतीनें करूं लागले. २००५ पर्यंत ही मुभा राहिली. किमतींवर नियंत्रणाचा हुकूमही १९७० चाच. २००८ पासून जन औषधि दुकानें निघालीं, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तरी एक विपर्यास राहिलाच. फेनोबार्बिटल हें सर्वांत स्वस्तांतलें औषध. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादींत तें असल्यामुळें लहान दुकानदार तें ठेवण्यास कचरतो.

फुकटची गोळी गांवच्या केंद्रांत संपलेली असेल, तर ती फुकट राहत नाहीं. भंडाऱ्याहून नागपूर सुमारें ६० किलोमीटर. लाखांदुराहून पुष्कळ अधिक. रोग्यास एकटें पाठविणें धोक्याचें, म्हणजे दोघांचें भाडें आणि दोघांची बुडालेली मजुरी. कर्नाटकांतील यळंदूर भागांत ह्याच जुन्या दोन औषधांनीं, फेनोबार्बिटल व फेनिटॉइन ह्यांनीं, खेड्यांतच उपचार करून पाहण्यांत आले. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांत त्यांचा गुण नमूद आहे. महिन्याच्या गोळ्या एकदम हातीं पडल्या तर वर्षांतून बारा फेऱ्यांत भागतें. आठवड्याच्याच मिळाल्या तर बावन्न होतात, आणि त्यांतली नेमकी रोवणीच्या दिवसांतली फेरी हुकते.