शर्करामापक आणि बिअरची घनता

अठराव्या शतकात इंग्लंडातील बहुतेक मद्यकार माल्टच्या काढ्याची पारख जिभेने व अनुभवाने करीत. जॉन रिचर्डसनने 1784 च्या ग्रंथात शर्करामापकाचा पुरस्कार केला व काढ्यात विरघळलेला अर्क संख्येत मांडला. तपकिरी माल्ट वरकरणी स्वस्त. परंतु फिक्या माल्टहून कमी अर्क देत असल्याने वस्तुतः महाग, हे या मोजणीने उघड झाले आणि पोर्टर बिअरची घडण हळूहळू पालटली.

किण्वन सुरू झाल्यावर मात्र हेच माप फसवे ठरते. शर्करा घटल्याने घनता उतरतेच. शिवाय निर्माण होणारा मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळेही ती उतरते. म्हणून मापक दाखवितो त्याहून अधिक अर्क प्रत्यक्षात शिल्लक असतो. आभासी व वास्तविक उतार यांतील हा भेद 1840 च्या दशकात प्रागच्या कार्ल बॉलिंगने सूत्रबद्ध केला.

ग्लॅडस्टनने 1880 मध्ये माल्टवरील कर रद्द करून तो किण्वनपूर्व घनतेवर बसविला. पाण्याची घनता 1000 मानता प्रमाणघनता 1057 ठरली. त्या अवस्थेत मद्यार्क नसल्याने मापन निःसंदिग्ध असते. ब्रिटनमध्ये ही पद्धती 1993 पर्यंत टिकली. आकडा केव्हा घेतला, यावरच त्याचा अर्थ अवलंबून असतो, हेच या इतिहासाचे सार होय.