फुप्फुसकार्य चाचण्यांचे बिलिंग कोड
अमेरिकेत श्वसनचाचण्यांचे बिल विमा कंपनीकडे पाठवताना वापरले जाणारे पाच अंकी संकेतांक. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सीपीटी या संहितेतील असून ती 1966 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. साध्या स्पायरोमेट्रीसाठी 94010 हा कोड आहे. नाकाला चिमटा लावून रुग्ण छातीभर श्वास घेतो आणि नळीत जोराने, दम संपेपर्यंत फुंकतो. यंत्र आलेख काढते. श्वासनलिका रुंदावणारे औषध देऊन, साधारण पंधरा मिनिटांनी तीच चाचणी पुन्हा केली, तर 94060 लागतो. पहिली फुंकर त्यातच धरलेली असल्याने त्याच तपासणीसाठी 94010 वेगळा लावता येत नाही. बिल अडकण्याचे हे नेहमीचे कारण. बंद पेटीत बसवून फुप्फुसातील हवेचे आकारमान मोजण्यास 94726, वायूच्या साहाय्याने मोजण्यास 94727. वायूची रक्तात शिरण्याची क्षमता दाखवणारा 94729 हा पूरक कोड आहे, तो मुख्य चाचणीच्या कोडशिवाय लागत नाही. डॉक्टरांनी केवळ अहवालाचा अर्थ लावला असेल, तर कोडला 26 ही जोड देतात. कोड फक्त काय केले ते सांगतो. चाचणी का केली, हे दम्यासारख्या निदानाच्या वेगळ्या कोडने दाखवावे लागते, आणि कागदपत्रांत तीच बाजू सर्वांत काळजीपूर्वक लिहायला हवी.