पडद्याच्या गाडींतून शाळेकडे



स्त्रीशिक्षणाची कथा सांगतांना आपण बहुधा १८४८ सालच्या पुण्यापासून आरंभ करतों, आणि तें योग्यच आहे. आज मात्र मी आपणांस बंगालमध्यें नेणार आहें. मुसलमान मुलींना शाळेची वाट मोकळी व्हावी म्हणून एका विधवा स्त्रीनें तेथें जी खटपट केली, ती ऐकण्याजोगी आहे.

रोकेया सखावत हुसेन यांचा जन्म १८८० सालीं रंगपूर जिल्ह्यांतील पायराबंद गांवीं एका जमीनदार घराण्यांत झाला. मुलगे कलकत्त्यास इंग्रजी शिकत; मुलींना कुराणाचें पठण पुरे, असा घरचा शिरस्ता. तरीही वडील बहीण करीमुन्निसा हिनें धाकटीस बंगाली शिकविलें, आणि थोरले बंधु इब्राहीम यांनीं घर निजल्यावर इंग्रजी शिकविलें. पुढें भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पतीच्या उत्तेजनानें त्या लिहूं लागल्या. १९०५ सालीं मद्रासच्या एका इंग्रजी मासिकांत त्यांची 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट प्रसिद्ध झाली. तींत राज्यकारभार स्त्रिया चालवितात व पुरुष पडद्यांत बसतात!

१९०९ सालीं पति निवर्तले. मुलींच्या शाळेसाठीं त्यांनीं दहा हजार रुपये राखून ठेवले होते. त्याच वर्षीं रोकेयाबाईंनीं भागलपुरास पांच मुलींवर शाळा मांडली. परंतु मिळकतीवरून घरांत तंटा लागला आणि त्यांना तें गांव सोडावें लागलें. १६ मार्च १९११ रोजीं कलकत्त्यांत वलीउल्ला लेनमधील एका घरांत 'सखावत मेमोरियल' शाळा पुन्हां सुरू झाली. मुली आठ! चालकबाईंनीं स्वतः शाळेचें तोंड कधीं पाहिलें नव्हतें. म्हणून शहरांतील इतर कन्याशाळा पाहून त्या वर्ग चालविण्याची रीत शिकल्या.

माझें आयुष्य फळ्यापुढें गेलें. शाळा म्हटली कीं इमारत, पुस्तकें व पंतोजी एवढेंच आपल्या मनांत येतें. रोकेयाबाईंपुढें पहिला प्रश्न रस्त्याचा होता. घराच्या उंबऱ्यापासून शाळेच्या उंबऱ्यापर्यंत मुलगी कोणाच्या दृष्टीस न पडतां यावी कशी? याकरितां बंदिस्त गाडी ठेवावी लागली. 'अवरोधबासिनी' या १९३१ सालच्या पुस्तकांत त्यांनीं शाळेच्या मोटारगाडीची हकीकत दिली आहे. गाडी इतकी बंद होती कीं आंत मुली घाबऱ्या झाल्या, कोणी ओकल्या, कोणास भोंवळ आली. म्हणून झडपा काढून पडदे लावले, तों पडदे वाऱ्यानें हलतात, बेपडदा होतो, अशीं धमकीचीं पत्रें आलीं. हवा द्यावी तर मुली घरीं बसणार, आणि न द्यावी तर मुली गुदमरणार!

स्त्रियांना घरांत कोंडणाऱ्या रूढीवर बाईंची लेखणी निर्भयपणें चाले. शाळेसाठीं मात्र त्यांनीं पडदा स्वतःही पाळला आणि घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी केली. कांहींना यांत विसंगति दिसेल. मला तसें वाटत नाहीं. आईबापांचा विश्वास उडता, तर दुसऱ्या दिवशीं हजेरीपटावर एकही नांव उरलें नसतें. त्यांनीं रूढीला सवलत दिली ती गाडीच्या पडद्यापुरती. वर्गांत कुराणपठणाबरोबर भाषा, शिवणकाम, शुश्रूषा व व्यायाम हे विषय होते. १९२६ सालीं बंगालच्या स्त्रीशिक्षणपरिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं विरोधकांना धर्माचाच आधार दाखविला: इस्लामनें विद्या स्त्रीपुरुष दोघांनाही सांगितली असतां मुलींना ती नाकारणारे तुम्ही कोण?

१९१५ पर्यंत मुलींची संख्या ८४ झाली. ९ डिसेंबर १९३२ रोजीं बाई वारल्या. शाळा मात्र टिकली व पुढें सरकारी हायस्कूल म्हणून चालली.

ही गोष्ट जुनी झाली, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु काबूलमध्यें राणी सुरैया यांच्या पुढाकारानें १९२१ सालीं मुलींची शाळा निघाली, आणि बरोबर शंभर वर्षांनीं, २०२१ सालीं, त्याच देशांत तालिबान राजवटीनें सहाव्या इयत्तेपुढील मुलींना शाळेबाहेर ठेवलें. शाळा बंद करण्यास एक हुकूम पुरतो. ती उभी करण्यास रोकेयाबाईंना एकवीस वर्षें रोज सकाळीं ती गाडी दारोदार पाठवावी लागली.