नक्कल बरहुकूम

'नक्कल' या शब्दाचें नशीब आपल्याकडे मोठें चमत्कारिक आहे. कचेरींत नक्कल बरहुकूम निघाली कीं तिच्यावर शिक्का बसतो आणि ती अस्सलाच्या मानाला चढते. चित्रांच्या बाबतींत मात्र तोच शब्द ऐकतांच आपण नाक मुरडतों. एखाद्या स्नेह्याच्या दिवाणखान्यांत भिंतीवर तैलचित्र असतें : अर्धवट सोललेलें लिंबू, कलंडलेला चांदीचा पेला, मागच्या काळोखांतून उजळणारीं द्राक्षें. आपण जवळ जाऊन पाहूं लागतों, तों यजमान सांगतात, 'ही एका जुन्या डच चित्राची हातानें केलेली नक्कल आहे.' झालें! आपली नजर लगेच दुसरीकडे वळते. ती इतक्या लौकर वळूं नये, एवढेंच सांगण्यासाठीं मी आज आपणांसमोर आलों आहें.

सतराव्या शतकांत हॉलंडमध्यें अशा चित्रांना बहर आला. आरंभीं त्यांना एक असें नांवही नव्हतें. कुणी त्यांना 'न्याहारी' म्हणे, कुणी 'मेजवानी'. 'स्टिललेव्हन', म्हणजे निश्चल वस्तूंचें चित्र, हा शब्द १६५० च्या सुमारास रूढ झाला. हार्लेम शहरीं पीटर क्लास आणि विलेम हेडा हे दोघे राखी व तपकिरी रंगांच्या चार छटांत सबंध टेबल उभें करीत : पाव, मासळी, कथलाची थाळी, लिंबू, आणि कधीं छापील कागदाच्या पुडींत मिरें. ही पुडी आपल्या वाण्याच्या पुडीची सख्खी बहीण शोभेल. मिरें हें पूर्वेकडच्या व्यापाराचें धन. त्याच व्यापाराच्या ओढीनें डचांनीं १६३७ सालीं आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली, आणि तिचे भग्नावशेष तेथें अजून उभे आहेत.

आतां गंमत अशी, कीं यांतलीं अस्सल म्हणविलीं जाणारीं चित्रेंही एका अर्थानें नकलांचींच बनलेलीं असत. आंब्रोसियुस बॉसखार्ट (१५७३–१६२१) याच्या पुष्पगुच्छांत वेगवेगळ्या ऋतूंतलीं फुलें एकाच पात्रांत नांदतात. तीं सगळीं एका वेळीं समोर ठेवणें शक्यच नव्हतें; पूर्वीं केलेल्या अभ्यासचित्रांवरून तीं उतरून घेतलेलीं असत, आणि म्हणून तेंच फूल त्याच्या निरनिराळ्या चित्रांत पुन्हा भेटतें. शंभर वर्षांनंतरचा यान व्हान हाउसम (१६८२–१७४९) मात्र मोठा हट्टी. गेल्या वर्षीं पिवळा गुलाब मिळाला नाहीं म्हणून आपलें चित्र अपुरें राहिलें, असें त्यानें १७४२ सालीं पत्रानें कळविलें होतें! लंडनच्या नॅशनल गॅलरींतल्या त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशीं दोन सालें पडलेलीं आहेत. नक्कल करणाऱ्याला गुलाबाची वाट पाहावी लागत नाहीं, हें खरें. पण चित्रशाळेंतले शिष्य गुरूच्या चित्रांच्या नकला करूनच शिकत. मालमत्तेच्या याद्यांत 'मूळ' आणि 'नक्कल' असा भेद नोंदला जाई, तिला किंमतही कमी येई. पण तिला कुणी चोरी समजत नसे.

नक्कल करणाऱ्याची खरी परीक्षा लिंबाच्या सालींत होते. जुने चित्रकार प्रथम तपकिरी एकरंगी आराखडा घालीत, तो वाळला कीं त्यावर वस्तूचा अंगचा रंग चढवीत, आणि शेवटीं पारदर्शक रंगाचे पातळ हात देत. उजळ पिवळ्यासाठीं ते शिसें आणि कथील एकत्र भाजून केलेला रंग वापरीत. १७५० च्या सुमारास हा रंग प्रचारांतून गेला, आणि तो कधीं होता हेंही लोक विसरून गेले. १९४१ सालीं म्युनिकच्या रिखार्ड याकोबी यानें जुन्या चित्रांतल्या पिवळ्या रंगांत कथील सांपडल्याचें प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें त्याचा पत्ता लागला. म्हणजे एकोणिसाव्या शतकांत ज्यांनीं हीं लिंबें उतरून घेतलीं, त्यांच्या पेटींत मूळ लिंबाचा रंगच नव्हता! क्रोमचा किंवा कॅडमियमचा पिवळा घेऊन, शेजारच्या छटा कमीजास्त करून, त्यांना तें तेज गांठावें लागे.

पानांचा प्रश्न याहून अवघड आहे. निळ्यावर वनस्पतिजन्य पिवळ्याचा हात देऊन हिरवीं पानें साधलेलीं असत. कालांतरानें उजेडानें तो पिवळा उडाला, आणि आज व्हान हाउसमच्या फुलांभोंवतीं निळसर पानें दिसतात. मग नक्कल करणाऱ्यानें काय करावें? निळीं पानें काढलीं तर ती चित्रकाराच्या मनाविरुद्ध जाते. हिरवीं काढलीं तर समोर नसलेल्या चित्राची नक्कल होते. माझा कौल निळ्या पानांना आहे. समोर दिसेल तेंच लिहावें हा नकलनविसाचा धर्म. तो दुरुस्ती करूं लागला कीं ग्रंथकार झाला.

आणि ग्रंथकार होण्याचा अधिकार कसा मिळतो, याची एक हकीकत पॅरिसची आहे. लूव्र संग्रहालयांत यान डाव्हिड्स द हेम याचें १६४० सालचें एक भव्य चित्र आहे : फळांनीं भरलेलें टेबल, चुरगळून खालीं ओघळणारें पांढरें कापड, आणि ल्यूट नांवाचें तंतुवाद्य. एके काळीं तें चौदाव्या लुईच्या संग्रहीं होतें. १८९३ सालीं आंरी मातीस हा तरुण विद्यार्थी त्या चित्रासमोर बसला. त्याचे गुरु गुस्ताव्ह मोरो आपल्या शिष्यांना मुद्दाम नकला करण्यास लूव्रमध्यें धाडीत. (ही प्रथा तेथें आजही चालू आहे, नक्कल मूळ चित्राच्या मापाची असूं नये आणि मूळ सही उतरूं नये, एवढी अट.) मातीसनें आपलें काम मुकाट्यानें केलें.

पुढें १९१५ साल उजाडलें. महायुद्ध पेटलेलें, मातीसचें उत्तर फ्रान्समधील गांव जर्मन सैन्याच्या ताब्यांत, आणि आई तिकडेच अडकलेली. त्याला सैन्यांत घेतलें नव्हतें. अशा दिवसांत त्यानें आपली २२ वर्षांपूर्वींची नक्कल पुन्हा समोर घेतली, आणि द हेमच्या चित्राहूनही मोठ्या कापडावर तेंच टेबल मांडलें. काळ्या रेघांनीं कापलेलें, कोनाकोनांचें तें चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आहे. पहिल्या दृष्टिक्षेपांत तें द हेमचें वाटणार नाहीं. पण ल्यूट आहे, फळें आहेत, कापड ओघळतें आहे. येथें नकलनवीस ग्रंथकार झाला खरा. पण त्यापूर्वीं त्यानें मूळ पोथी अक्षरन् अक्षर उतरून काढली होती.

चीनमध्यें शेंझेन शहराच्या हद्दींतल्या दाफेन या वस्तींत १९८९ पासून तैलचित्रांच्या नकलांचा मोठा धंदा उभा राहिला. तेथील पुष्कळ कारागीर छायाचित्रावरून काम करतात. त्यांच्या हाताला मी नांवें ठेवणार नाहीं. पण छायाचित्रांत थर दिसत नाहींत, आणि डच लिंबू तर थरांचेंच बनलेलें असतें. म्हणून त्या स्नेह्याच्या दिवाणखान्यांत पुन्हा जाल तेव्हां चित्राकडे बाजूनें उजेड घेऊन पाहा. साल वेटोळें घेऊन खालीं लोंबते, तिच्या आंतल्या पांढऱ्या भागापाशीं कुंचला घाईनें फिरला आहे कीं थांबत थांबत, तें तेथें कळतें. आणि थांबत थांबत फिरला असेल, तर यजमानांना ती नक्कल करणाऱ्याचें नांव अवश्य विचारा.