फष्ट इयर सायन्स

नगरला कॉलेज आलं 1947 साली. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. त्याआधी नगरच्या पोराला सायन्स शिकायचं तर दौंडला गाडी बदलून पुणं गाठावं लागे. पुढं साठच्या दशकात श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव इथंही कॉलेजं निघाली आणि खेड्यातली पोरं घरचा डबा घेऊन सायन्सला बसू लागली. पहिल्याच वर्षी त्यातली कितीतरी आपटली.

गावात म्हणायचे, "शास्तर लई अवघड बाबा." मला ते पटत नाही. अकरावीपर्यंत सगळं मराठीतून होतं. 'परावर्तन' म्हणजे उजेड मागं फिरणं, 'वक्रीभवन' म्हणजे वाकणं. शब्दातच अर्थ. जूनमध्ये प्री-डिग्रीच्या वर्गात पाऊल टाकलं की त्यांचं झालं 'रिफ्लेक्शन' आणि 'रिफ्रॅक्शन'. मागच्या बाकावर दोन्ही सारखेच ऐकू यायचे. पोराला गणित यायचं, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळायचं नाही. त्यात परीक्षा वर्षाच्या शेवटी, एकदाच.

प्रॅक्टिकलला मात्र हीच पोरं बरी असत. शाळेत ब्युरेट कधी पाहिलेली नसायची, पण बाऱ्यावर पाणी धरणाऱ्या हाताला तोटी कधी आवळायची हे सांगावं लागत नव्हतं. द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचे. जर्नल लिहायचं इंग्रजीत, तिथं पुन्हा गाडी अडायची.

नापास झाल्यावर पुढं काय, हे गाव कुठल्या अंगाला आहे त्यावर ठरायचं. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. त्या पट्ट्यातला बाप म्हणायचा, "बस आणखी एक साल." पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या कोरडवाहू बापाला ते परवडत नव्हतं. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ई.बी.सी.ची फीमाफी आली होती, वर्षाला 1200 रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांना. तिच्या जोरावर पोरगं कॉलेजात गेलेलं. नापास झालं की ती सवलतही जायची. मग पारनेरचा मुंबईची वाट धरी, पाथर्डीचा कोयता. 1972 च्या दुष्काळात तर सायन्सला बसलेली पोरं खडी फोडायला गेली. त्यांना नापासांच्या यादीतही कुणी धरलं नाही. पावसानं मारलेलं वर्ष शिक्षणाच्या हिशेबात येत नाही, एवढं खरं.

1975 मध्ये दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली, नवा आकृतिबंध आला. तीच इंग्रजीची उडी मग अकरावीत मारावी लागू लागली, म्हणजे वय आणखी एक वर्षानं कमी. आता खेड्यातल्या शाळांतही सेमी इंग्रजी आहे. भावाची नात 'रिफ्रॅक्शन' झटकन म्हणते. परवा तिला विचारलं, म्हणजे नेमकं काय होतं गं? थोडी थांबली. विहिरीत सोडलेली काठी पाण्याशी मोडल्यासारखी दिसते, ती दाखवायला मी तिला मळ्यात नेलं.