तैनाती फौज ते शांतिसेना

१९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे सर्वोच्च सेनापती होते लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग. पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे ते प्रमुख. पण बाहेरच्या फौजेच्या पहाऱ्यात शांतता नांदवण्याचा प्रयोग पुण्याने त्याआधी १८५ वर्षं स्वतःच भोगला होता.

त्याच्याही आधीचा एक तह पाहायला हवा. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचं भांडण १७०७ पासून धुमसत होतं. १७३० मध्ये वारणाकाठी कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पराभव झाला. तरीही साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्यांचं राज्य बुडवलं नाही. दोघे चुलतबंधू कऱ्हाडजवळ समोरासमोर भेटले आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. नदीच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरला मिळाला आणि वारसायुद्ध थांबलं. जिंकणाऱ्याने सवलत दिली, आणि ती थेट प्रतिपक्षाच्या हाती दिली.

पुण्याचा पेशवा दुसऱ्या बाजीरावाने नेमकं हेच टाळलं. १८०१ च्या एप्रिलमध्ये त्याने विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. विठोजींचे भाऊ यशवंतराव यांना होळकरांची दौलत आणि शिंद्यांच्या कैदेतला पुतण्या खंडेराव परत हवे होते. बोलणी फिसकटली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडाला. बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज कायमची ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा.

सह्या झाल्या त्या बाजीराव आणि कंपनीच्या. भांडण होतं होळकर आणि शिंदे यांच्यातलं, आणि ते दोघेही तहाबाहेर राहिले. १३ मे १८०३ ला बाजीराव इंग्रजी संगिनींच्या आधाराने गादीवर बसला. सप्टेंबरात शिंदे आणि नागपूरकर भोसले असईच्या रणात इंग्रजांपुढे उभे होते, आणि पुढच्याच वर्षी यशवंतरावही कंपनीशी लढत होते. पुण्यात वरवरची शांतता नांदली, पण कंपनीची सवलतींची मागणी वाढतच गेली. जून १८१७ च्या पुणे तहाने पेशव्याला आणखी मुलूख सोडावा लागला. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं.

श्रीलंकेत भारताचा हेतू निराळा होता, मुलूख बळकावण्याचा नव्हता. २९ जुलै १९८७ च्या करारात तमिळ प्रांतांना अधिकार देण्याची खरी सवलतही होती. पण सह्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या होत्या. बंदूक हाती असलेल्या लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची सही त्यावर नव्हती. ऑक्टोबरमध्ये शांतिसेनेलाच लिट्टेशी लढावं लागलं. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये फौज परतली, तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते. युद्ध मात्र २००९ पर्यंत चाललं.

फौज दोन पक्षांना काही काळ दूर ठेवू शकते, आणि तेवढ्या काळात अनेक जीव वाचतात. ते मोलाचंच आहे. पण तो वेळ भांडणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यात घालवला नाही, तर पहारेकरीच भांडणाचा तिसरा पक्ष होतो. म्हणून फौज पाठवणाऱ्याने निघण्याआधी एकच गोष्ट तपासावी: ज्यांच्या हातात शस्त्र आहे, त्यांच्या सह्या करारावर आहेत का?