धसका : जुना शब्द, नवे शास्त्र

मंडळी, थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर खांदेरी आणि उंदेरी हे दोन जलदुर्ग दिसतात. सन १६७९ मध्ये शिवछत्रपतींनी खांदेरीची तटबंदी सुरू केली. ती मोडून काढायला इंग्रजांची गलबते आली, सिद्दीही आला. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण याच पाण्यात गेलेली होडी वेळेवर परतली नाही, म्हणजे किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या आईच्या काळजाचे काय होते, हे कोणत्याही बखरीत नसते. ते आपल्या बोलीत मात्र आहे. कुणी ‘धसका घेतो’, कुणी ‘हाय खातो’, कुणाच्या ‘जिवाला घोर लागतो’. हे नुसते बोलण्याचे अलंकार, की त्यांत काही तथ्य आहे?

पानिपतचेच उदाहरण घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाई झाली. नानासाहेब पेशवे त्या वेळी मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. दहाएक दिवसांनी भेलशाजवळ त्यांच्या हाती एका सावकाराचे पत्र पडले. मोती, मोहरा, रुपये अशा सांकेतिक भाषेत त्यात हानी सांगितली होती. मोती म्हणजे कोण, हे पेशव्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले आणि पोटचा मुलगा विश्वासराव, वय अवघे अठरा, तोही गेला. नानासाहेब खचले. पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांनी प्राण सोडला. वय चाळीसच्या आसपास.

लोक म्हणाले, पेशव्यांनी हाय खाल्ली. ते खोटे नव्हे, पण पुरतेही नव्हे. नानासाहेबांची प्रकृती पानिपतच्या आधीपासूनच ढासळलेली होती. शोक आला तो दुखण्याने पोखरलेल्या शरीरावर. आपल्या आजच्या विषयाचे मर्म नेमके इथे आहे.

मन आणि हृदय यांचा संबंध आपल्याकडे जुना आहे. चरकसंहितेत हृद्रोगाच्या कारणांत चिंता आणि भय यांची गणना आहे. तिकडे लंडनमध्ये जॉन हंटर नावाचा थोर शस्त्रवैद्य छातीच्या कळांनी बेजार असे. आपल्याला चिडवील त्या कोणत्याही माणसाच्या हाती आपला जीव आहे, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. १७९३ साली रुग्णालयातल्या एका बैठकीत वादावादी झाली आणि तिथेच त्याचा अंत झाला.

असे का होते? भीती वा संताप आला की मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथी अॅड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. संकटातून पळायला किंवा झुंजायला हे उपयोगी. पण महिनोन्‌महिने हेच चालले तर हृदयावर ताण पडतो. शिवाय चिंतेतला माणूस झोपत नाही, तंबाखू वाढवतो, औषधाची गोळी विसरतो.

१९५९ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीडमन आणि रोझेनमन या डॉक्टरांनी मांडले, की सदा घाईत असणाऱ्या, ईर्ष्येने धावणाऱ्या माणसांना हृदयविकार अधिक होतो. पुढच्या तपासण्यांत हे मत तितकेसे टिकले नाही. घाईपेक्षा मनात साठवलेला राग आणि वैर अधिक घातक, असे दिसू लागले. १९६९ मध्ये इंग्लंडातल्या सुमारे साडेचार हजार विधुरांची पाहणी प्रसिद्ध झाली. पत्नी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू अपेक्षेपेक्षा चाळीस टक्क्यांनी अधिक होते. २००४ साली ५२ देशांतल्या मोठ्या पाहणीत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्याच पंक्तीत मनाच्या ताणालाही जागा मिळाली.

कोळी बांधवांना पटेल असा एक दाखला जपानचा आहे. तिथले कोळी ऑक्टोपस धरायला मडके समुद्रात सोडतात. त्याचा गळा अरुंद, बूड फुगीर. त्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. १९९० च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी एका दुखण्याला हेच नाव दिले. मोठा धक्का बसला की काहींच्या, विशेषतः उतारवयातल्या स्त्रियांच्या, हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता त्या मडक्यासारखा फुगतो. लक्षणे थेट हृदयविकाराच्या झटक्याची. बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. पण क्वचित जीवही जातो. ‘धसका’ हा शब्द असा शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला!

मग आपण काय करावे? छातीत कळ आली, दम लागला, घाम फुटला, तर ‘धसका घेतलाय, उतरेल’ म्हणून घरी थांबू नये. अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. तो झटका की ताकोत्सुबो, हे तपासणीवाचून डॉक्टरलाही सांगता येत नाही.

दुसरे, दुःखाच्या घरी बाराव्या-तेराव्यानंतर वर्दळ थांबते. खरी गरज तेव्हाच सुरू होते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्यात घरांची छपरे नेली, नारळी-पोफळी आडव्या केल्या. अशा वेळी पंचनामा होतो तो पडलेल्या झाडांचा. खचलेल्या माणसाचा होत नाही. तो शेजाऱ्याने करायचा असतो. जेवलास का, झोप लागते का, रक्तदाबाची गोळी घेतलीस का, एवढे तीन प्रश्न पुरेत.

शिक्षकबंधुभगिनींनो, पानिपत शिकवताना लढाईपाशी थांबू नका. वर्गातल्या मुलांना नानासाहेबांचे ते पाच महिनेही सांगा. शरीर आधीच थकलेले असेल तर शोक त्याला किती लवकर मोडतो, हे त्यांना त्यातून कळेल. आणि घरी आजी गप्प गप्प राहू लागली, तर ती गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायला ती मुले शिकतील.